‘पहिलाच भाग बरा’ म्हणणाऱ्या मास्तरांस

१

एकाच दुपारी, एकाच तोंडून ऐकलेल्या दोन विधानांपासून सुरुवात करू. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधासाठी विषय सुचवला होता : ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘झपाटलेला २’ (२०१३) यांतील भयाची बदललेली कल्पना. मार्गदर्शकांनी कागद परत केला. सिनेमाचे दुसरे-तिसरे भाग हा निव्वळ धंदा असतो, त्यांची तुलना हा पोरासोरांचा चाळा आहे, वाङ्मयाच्या अभ्यासाशी त्याचा काडीचा संबंध नाही, असा निर्वाळा मिळाला. पुढे तासाभराने त्याच वर्गात त्याच सरांनी ‘कोसला’ (१९६३) आणि ‘बिढार’ (१९७५) यांची तुलना मांडली. समारोपात ते म्हणाले, की पहिल्या कादंबरीत जे गवसले होते ते पुढे हरवले. पांडुरंग सांगवीकराची सर चांगदेव पाटलाला नाही.

वर्गातल्या मुलांनी हा समारोप वहीत उतरवून घेतला. आम्हांला मात्र तो फार जुन्या ओळखीचा वाटला. म्हसवडच्या एस.टी. स्टँडाजवळ चहाच्या टपरीवर, शाळा सुटल्यावर, आम्ही हेच वाक्य शेकडो वेळा म्हटले होते. फक्त तेव्हा आमच्यापुढे सांगवीकर आणि पाटील नव्हते. आर्नोल्ड होता, डायनोसॉर होते आणि तात्या विंचू होता. पहिलाच भाग बरा होता, दुसऱ्यात मजा नाही. सरांच्या आणि आमच्या विधानांत फरक एवढाच, की त्यांच्या विधानाला गुण मिळतात आणि आमच्या विधानाला चाळा म्हणतात.

हा लेख या फरकाविरुद्ध आहे. आमचे म्हणणे असे, की मालिकापटांच्या भागांची तुलना करीत वाढलेल्या पिढीने समीक्षेचा पहिला धडा तिथेच गिरवला आहे; तो धडा नाकारून मराठीचा वर्ग स्वतःचेच नुकसान करतो आहे; आणि ‘पहिलाच भाग बरा’ हे वाक्य, ते टपरीवर उच्चारले काय किंवा व्यासपीठावरून, सारखेच आळशी आहे.

२

आमच्या शिक्षणाची जागा आधी सांगायला हवी. माण तालुक्यातले म्हसवड हे सिद्धनाथाचे गाव. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, आणि त्या यात्रेत आमच्या लहानपणी सिनेमाचे तंबू लागत. वर्षातले बाकीचे दिवस हा मुलूख कोरडा. माणगंगेचे पात्र म्हणजे बहुतेक काळ वाळूच. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) यांतून हा मुलूख मराठी वाचकाच्या परिचयाचा करून ठेवला आहे, म्हणून त्याचे वर्णन लांबवीत नाही. एवढेच सांगतो, की तंबूतल्या सिनेमाला आम्ही कनातीखालून शिरलो आहोत, पडद्याच्या मागच्या बाजूला बसून उलट्या अक्षरांची श्रेयनामावली वाचली आहे, आणि रीळ बदलेपर्यंतच्या अंधारात पुढे काय होणार यावर पैजा लावल्या आहेत. या फिरत्या सिनेमाचे मावळते दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटाने जगाला दाखवले. आम्हांला ते माहितीपटाआधी माहीत होते.

नव्वदीच्या दशकात केबल आली आणि तिच्याबरोबर हिंदी बोलणारे इंग्रजी सिनेमे आले. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) हिंदीत बोलू लागल्यावर माणदेशातल्या मेंढपाळाच्या पोरालाही तो कळू लागला, आणि डायनोसॉरने बकरी ओढून नेल्यावर तंबूत उठलेली हळहळ ही शहरातल्या प्रेक्षकाच्या भयापेक्षा वेगळी होती. तिच्यात बकरीच्या किमतीचा हिशेब होता. ‘टर्मिनेटर’चे दोन भाग (१९८४, १९९१) आम्ही उलट्या क्रमाने पाहिले. आधी दुसरा, मग पहिला. त्यामुळे आमच्या लेखी आर्नोल्ड मुळात रक्षक होता आणि पहिल्या भागात तो मारेकरी झालेला पाहून आम्ही हादरलो. तोच देह, तोच चेहरा, तेच यंत्र, आणि कामगिरी नेमकी उलटी. क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे आम्हांला कोणत्याही कथनमीमांसेच्या पुस्तकाने शिकवले नाही.

आणखी एक शाळा होती ती पाहुण्यांची. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. दक्षिणेत दुकान असलेले मामा-काका यात्रेला गावी यायचे आणि तिकडचे सिनेमे तोंडी सांगायचे. ‘सिंघम’ (२०११) इथे गाजत होता तेव्हा एका मामांनी शांतपणे सांगितले, की हा त्यांनी वर्षभर आधी तमिळमध्ये पाहिलेला ‘सिंगम’ (२०१०) आहे. आम्ही खट्टू झालो. पुढे मात्र एक गंमत झाली. तमिळचा दुसरा भाग २०१३ मध्ये आला, हिंदीचा २०१४ मध्ये, आणि दोहोंच्या वाटा वेगळ्या निघाल्या. एका पहिल्या भागाला दोन निरनिराळी भविष्ये फुटली. मूळ आणि नक्कल या शब्दांवरचा आमचा विश्वास त्या वर्षी डळमळला. आजतागायत तो पूर्ववत झालेला नाही.

३

आता धंद्याचा आक्षेप. दुसरा भाग पैशासाठी निघतो, हे खरेच आहे. ते नाकारण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून हप्त्याहप्त्याने छापली, तेव्हा वर्गणीदाराने पुढचा अंक घ्यावा ही काळजी त्यांना नव्हती असे कोणी छातीठोकपणे सांगेल काय? यमूचे दुःख वाचक आठवडा-आठवडा थांबून वाचत होते. त्या थांबण्यातूनच ते त्यांच्या अंगवळणी पडले. आमच्याच मुलुखातल्या ग. दि. माडगूळकरांचे गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत या हिशेबाने प्रक्षेपित झाले. छप्पन गीते व्हायला वर्ष उलटले. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली कथा होती ती. तरी लोक रेडिओभोवती बसले, कारण पुढे काय होणार हा त्यांचा प्रश्न नव्हताच. ठाऊक असलेले आता कसे सांगितले जाणार, हा होता.

ही श्रोत्याची वृत्ती आमच्याकडे जुनी आहे. श्रावणात श्रीधराच्या पोथ्या लागतात. ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ अध्यायाअध्यायाने रात्री चालतो आणि मागच्या वर्षीच्या वाचकाशी यंदाच्या वाचकाची तुलना ओसरीवर सर्रास होते. धनगरी ओव्यांच्या बैठकीत गायलेला भाग पुन्हा गद्यात सांगितला जातो. गाण्यात जे सुटले ते कथनात भरून निघते, आणि कथनात जे उघडे पडले ते पुढच्या गाण्यात झाकले जाते. एकच गोष्ट दोनदा सांगितली, तर दुसरी वेळ ही पहिलीची पडछाया ठरत नाही. उलट दुसऱ्या वेळेमुळे पहिलीत काय होते ते कळते. ज्या मातीत ही जाण शेकडो वर्षे मुरलेली आहे, तिथल्या मुलाने दोन भागांची तुलना केली की मराठीच्या विभागाने कपाळाला आठ्या घालाव्यात, हा प्रकार आम्हांला अनाकलनीय वाटतो.

शिवाय मराठी सिनेमाला मालिकेचे वावडे कधी होते? चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकांतून घराघरांत पोहोचले होते. मास्टर विनायकांनी त्यांना ‘लग्न पहावे करून’ (१९४०) मध्ये पडद्यावर आणले आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) मध्ये तीच जोडी पुन्हा अवतरली. पुढे मुंबई दूरदर्शनवर चिमणराव परतले ते दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमच्या युक्तिवादाचा मधला खांब तेच आहे.

४

‘झपाटलेला’ची पहिली हेटाळणी अशी, की ती ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाची उचल आहे. उचल आहेच. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि ज्या व्यक्तीला बाहुला आपले गुपित प्रथम सांगतो तिच्याच देहात त्याला प्रवेश मिळू शकतो, हा सांगाडा तिकडचा. पण उचललेल्या सांगाड्यात काय बदलले, हे पाहण्याचे कष्ट हेटाळणी करणाऱ्यांनी घेतलेले नाहीत.

अमेरिकी चित्रपटात बाहुल्याच्या तावडीत सापडतो तो सहा वर्षांचा मुलगा. मोठी माणसे त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, कारण तो लहान आहे. महेश कोठारे यांच्या चित्रपटात त्या जागी लक्ष्या आहे : वयाने वाढलेला, आईबरोबर राहणारा, बाहुल्यांच्या नादी लागलेला भोळा माणूस. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो भोळा आहे. हा एक बदल साऱ्या चित्रपटाला वेगळ्या जागी नेऊन ठेवतो. मूल मोठे होते आणि त्याची साक्ष एक दिवस ग्राह्य ठरते. गावातल्या भोळ्या माणसाची साक्ष मात्र कधीच ग्राह्य ठरत नाही. त्याच्या खरे बोलण्यावर गाव हसते आणि हसून आपल्या कामाला लागते. आम्ही तंबूत खदखदून हसत होतो, आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत असा एकेक लक्ष्या होता, ज्याचे म्हणणे कोणी कधी ऐकून घेतले नव्हते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाची ताकद इथे होती. ते घाबरत तेव्हा आपण हसत असू, आणि हसता हसता आपण त्या गावात सामील झालो आहोत हे ध्यानात येत नसे.

१६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले. म्हसवडच्या यात्रेचे दिवस नुकतेच सरत होते. ‘झपाटलेला’ पाहून वाढलेल्या आम्हां पोरांना तो घरातला मृत्यू वाटला. यापलीकडे त्याविषयी लिहिण्याची आमची पात्रता नाही.

म्हणूनच ‘झपाटलेला २’ पुढचा पेच कोणत्याही मराठी चित्रपटापुढच्या पेचापेक्षा अवघड होता. ज्या चित्रपटाचा विषयच ‘मेलेला मरत नाही’ हा, त्याच्या दुसऱ्या भागात खलपुरुष परत येऊ शकत होता आणि नायक मात्र परत येऊ शकत नव्हता. बाहुला अमर होता, विदूषक मर्त्य निघाला होता. एवढा मोठा करुण विरोधाभास परिस्थितीने दिग्दर्शकाच्या हाती आयता ठेवला होता. त्याचे काय झाले?

आम्ही २०१३ च्या जूनमध्ये एस.टी.ने शहरगावी जाऊन, नाकावर त्रिमितीचा चष्मा चढवून हा चित्रपट पाहिला. बाहुला अंगावर आला. जत्रेचा देखावा अंगावर आला. खऱ्या जत्रेतून उठून गेलेल्या आम्हांला ती जत्रा पडद्यातून बाहेर येताना पाहून गुदगुल्याही झाल्या. पण कथेच्या मुळाशी एक बदल झाला होता आणि त्याची चर्चा कोणीच केली नाही. पहिल्या भागात लक्ष्या संकटात सापडतो तो बाहुल्याने त्याला गुपित सांगितले म्हणून, म्हणजे एका अर्थी विश्वासापायी. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा संकटात सापडतो तो केवळ लक्ष्याचा मुलगा आहे म्हणून. विश्वासाची जागा वंशाने घेतली. ज्याचे कोणी ऐकत नव्हते असा भोळा माणूस गेला, आणि वारसा सांगणारा देखणा नायक आला. ती भूमिका दिग्दर्शकाच्याच चिरंजीवांनी केली हे पडद्याबाहेरचे सत्यही पडद्यावरच्या कथेला फार चपखल बसते. आदिनाथ कोठारे यांच्या अभिनयाविषयी ही तक्रार नाही. आक्षेप त्या कल्पनेवर आहे, जिच्यात पुढचा भाग म्हणजे पुढची पिढी, आणि वारस म्हणजे रक्ताचा वारस. आमच्या सहकारी कारखान्यांपासून साहित्यसंस्थांपर्यंत हीच कल्पना नांदते, तेव्हा एकट्या बाहुल्याला दोष देणेही बरोबर नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, की तुम्हीही शेवटी ‘पहिलाच भाग बरा’ या मुक्कामावर आलात. नाही. दुसऱ्या भागामुळेच पहिल्यातली ‘विश्वास’ ही गोष्ट आम्हांला दिसली. वीस वर्षे आम्ही तो चित्रपट पाठ म्हणत होतो आणि ती आम्हांला दिसली नव्हती. दुसरा भाग फसला तरी तो पहिल्याचे वाचन करवून घेतो. त्याचे हे उपकार न मानणारा समीक्षक कृतघ्न म्हणावा लागेल.

५

आता दिलीप प्रभावळकरांकडे वळू. चिमणराव साकारणाऱ्या याच नटाने १९९३ मध्ये तात्या विंचू रंगवला आणि बाहुल्याला आवाज दिला. रामदास पाध्ये यांच्या हातात बाहुला, आणि आवाज प्रभावळकरांचा. तेरा वर्षांनी, २००६ मध्ये, हेच प्रभावळकर ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये महात्मा गांधी झाले आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारात त्यांच्या या भूमिकेची दखल घेतली गेली. म्हणजे दोन गाजलेल्या चित्रमालिकांतला मेलेला माणूस एकाच नटाने उभा केला : एकदा गुंड, एकदा महात्मा. हा योगायोग असेल. पण वाचन करणाऱ्याने योगायोगाकडे पाठ फिरवू नये.

तात्या विंचू काय करतो? तो देह मागतो. जिवंत माणसाला बाहेर काढून त्याच्या जागी बसू पाहतो. त्यालाच मराठीत झपाटणे म्हणतात. ‘लगे रहो’मधले गांधी काय करतात? ते देह मागत नाहीत, जागा मागत नाहीत. समोर बसून बोलतात, आणि तेही मुन्नाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच. वाचनालयात बसून मुन्नाने जे वाचले त्यापलीकडचे उत्तर हे गांधी देऊ शकत नाहीत, आणि चित्रपट ही मर्यादा लपवत नाही. भर सभेत ती उघडी पाडतो. मेलेल्या माणसाशी प्रामाणिक संबंध कसा ठेवावा, याचे इतके नेमके उत्तर आम्ही वारशावरच्या फार थोड्या परिसंवादांतून ऐकले आहे. जेवढे वाचले तेवढाच पूर्वज आपल्याशी बोलतो. बाकीचा आपल्या भासाचा.

आणि ‘लगे रहो’ स्वतः दुसरा भाग आहे, हे विसरता कामा नये. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) मध्ये साऱ्या गोष्टीचा आस होता मुन्नाचा बाप. त्याच्यासमोरची लाज हीच त्या चित्रपटाची चालकशक्ती. तो बाप रंगवणारे सुनील दत्त २५ मे २००५ रोजी गेले. दुसऱ्या भागात मुन्नाला बाप नाही. त्याची जागा दुसऱ्या नटाला दिलेली नाही, मुन्नाला पोरगाही दिलेला नाही, पहिल्या भागातली नायिका आणि इस्पितळ यांचेही काही राहिलेले नाही. राहिले आहेत ते मुन्ना आणि सर्किट, आणि त्यांचा एक स्वभाव : ज्या संस्थेत शिरायचे तिचे नियम न कळता तिला माणुसकी शिकवायची. बापाच्या रिकाम्या जागी येऊन बसतो तो राष्ट्रपिता. राजकुमार हिरानी यांनी हे ठरवून केले की नकळत झाले, याला आमच्या दृष्टीने महत्त्व नाही. संहितेत ते आहे.

दोन्ही दुसऱ्या भागांपुढे मृत्यूने सारखाच पेच टाकला होता. एकाने रिकामी जागा रक्ताने भरली. दुसऱ्याने ती रिकामी ठेवून तिच्यातून नवा प्रश्न काढला. तुलनेचे फळ असे असते. पहिला बरा की दुसरा, या कौलाने ते हाती लागत नाही; कोणी वारशाचे काय केले, हे विचारल्याने लागते.

६

हाच प्रश्न लावून पाहिला तर गेल्या काही वर्षांतल्या मराठी मालिकापटांचा निवाडा झटपट होतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) दोन माणसे, एक दिवस आणि एक शहर एवढ्या भांडवलावर उभा होता. दुसऱ्या भागात (२०१५) लग्नघर आले, तिसऱ्यात (२०१८) पाळणा हलला, आणि दोन परक्या माणसांच्या बोलण्यातला धोका कुटुंबाच्या गोतावळ्यात विरून गेला. ‘टाइमपास’ (२०१४) चाळीतला दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता यांच्यामधली भिंत उभीच ठेवून संपला होता. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि प्रेक्षकांच्या समाधानासाठी ती भिंत पाडून मोकळा झाला. भिंत पडायला मराठी समाजात इतकाच वेळ लागत असता, तर ‘सैराट’ (२०१६) निघालाच नसता. ‘सैराट’चा शेवट पाहा. रक्ताळलेल्या पावलांचे ते मूल दाराबाहेर निघून जाते. त्या चित्रपटाचा दुसरा भाग पडद्यावर निघू नये. तो गावागावांत घडतोच आहे. काही शेवट पुढच्या भागाला मज्जाव करतात आणि ती त्यांची नीती असते, हेही आम्ही मालिकापट पाहूनच शिकलो.

दुसरीकडे स्मरणरंजनवाल्यांचा तांडा आहे. हे मास्तरांच्या नेमके उलट बोलतात : आमच्या लहानपणीचे सिनेमे थोर, त्यांना हात लावू नका, किंवा, आमचे लाडके नट परत आणा, कसेही आणा. पीटर कुशिंग १९९४ मध्ये वारले आणि २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये संगणकाने त्यांना पुन्हा उभे करून बोलायला लावले. आता यंत्रे आणखी हुशार झाली आहेत आणि दिवंगत कलावंतांना पडद्यावर आणण्याची भाषा आपल्याकडेही होते. आमचे या मंडळींना एवढेच सांगणे आहे : ही तात्या विंचूची मागणी आहे. मंत्राच्या जागी यंत्र आले, इतकाच फरक. लक्ष्यावर आमचे प्रेम आहे, म्हणूनच त्याचा बाहुला झालेला आम्हांला पाहवणार नाही. ज्यांना तो हवासा वाटतो त्यांनी ‘झपाटलेला’ पुन्हा एकदा पाहावा, आणि आपण त्यात कोणाच्या बाजूला बसलो आहोत ते तपासावे.

७

आता परत त्या वर्गात. ‘कोसला’नंतर भालचंद्र नेमाडे यांनी ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ (१९७५ ते १९७९) असे चतुष्टय लिहिले. पुढे ‘हिंदू’चा (२०१०) पहिला भाग आला आणि मराठी वाचकांनी पुढच्या भागांची वाट पाहण्यात कित्येक वर्षे घालवली. म्हणजे जाहिरात झालेल्या पुढच्या भागाची वाट पाहणे हा प्राध्यापकवर्गाचाही अनुभव आहे. त्याला ते प्रतीक्षा म्हणतात, आम्ही त्याला ॲडव्हान्स बुकिंग म्हणत होतो. गंमत सोडू. प्रश्न असा, की चतुष्टयाविषयी काय शिकवले जाते? आमच्या वाट्याला आली ती बहुतेक एक तक्रार : त्यात ‘कोसला’ नाही. चांगदेव एका गावाहून दुसऱ्या गावी, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बिऱ्हाड हलवत राहतो, आणि म्हणून या कादंबऱ्यांना एकेक स्वतंत्र घर नाही. भागाभागांनी पुढे सरकणे हाच त्यांचा आशय आहे. पांडुरंगाची कोंडी एका पुस्तकात मावली, चांगदेवाची वणवण मावली नसती. हे साधे निरीक्षण मांडण्यासाठी समीक्षकाने आधी पुढच्या भागाला पुढचा भाग म्हणून वाचायला हवे, पहिल्याची उतरलेली आवृत्ती म्हणून नव्हे. व्हिडिओवर ‘टर्मिनेटर’ उलटा पाहिलेल्या पोराला ते लगेच पटते. ज्याने तुलनेला चाळा म्हटले त्याला पटत नाही, कारण त्याने तुलना कधी केलेलीच नसते; त्याने फक्त क्रमांक लावलेले असतात.

हा मुद्दा एका लघुप्रबंधापुरता असता तर आम्ही इतकी शाई आटवली नसती. माण, खटाव, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आजही मुले-मुली मराठीच्या वर्गांत येतात. त्यांच्या घरात ग्रंथसंग्रह नसतो, मासिके नसतात. असतो तो पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचा मोठा साठा, आणि त्या गोष्टी एकमेकींशी ताडून पाहण्याची चिवट सवय. ही सवय म्हणजेच समीक्षेचे बियाणे. पहिल्याच आठवड्यात आपण तिला चाळा म्हणतो. मग ते मूल गप्प होते, तयार नोट्स पाठ करते, आणि दोन वर्षांनी उत्तरपत्रिकेत ‘पहिल्या कादंबरीत जे गवसले ते पुढे हरवले’ असे लिहून प्रथम वर्गात उत्तीर्ण होते. एका भोळ्या माणसाची साक्ष आपण पुन्हा एकदा ग्राह्य धरलेली नसते. लक्ष्याला हसणारे गाव श्रीरंगपूर नावाचे होते. ते आता विभागाच्या स्टाफरूममध्ये बसते.

आमची मागणी मोठी नाही. अभ्यासक्रमात सिनेमे घाला, असेही आम्ही म्हणत नाही. घातले की त्यांच्याही नोट्स निघतील. वर्गात आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी एवढेच विचारा : कोणत्या गोष्टीचे दोन भाग तुला ठाऊक आहेत, आणि दुसऱ्याने पहिल्याचे काय केले? तो ‘बाहुबली’चे (२०१५, २०१७) नाव घेईल, पोथीतल्या अध्यायाचे घेईल, आजीने दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलेल्या एखाद्या कहाणीचे घेईल. ऐकून घ्या. मग ‘कोसला’ आणि ‘बिढार’ त्याच्या हाती द्या.

आमच्यापैकी ज्याचा कागद परत आला होता, तो आता स्वतः मराठी शिकवतो. गेल्या यात्रेला आम्ही पुन्हा म्हसवडला जमलो होतो. सिनेमाचा तंबू नव्हता. रथ मात्र निघाला, दर वर्षी निघतो तसाच, आणि गुलालाने माखलेल्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, की यंदाचा रथ मागच्या सालापेक्षा संथ आहे, पण वळणावर त्याला छान पेलला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या गृहस्थांनी कोणत्याही वर्षाचा रथ पहिला मानलेला नव्हता.